चार दिवस उन्हातलं पाणी

लॅबमध्ये तिला समोर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘अंधारबाई’. दोन्ही नावं तिच्या कानावर होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं तिला जास्त आवडायचं, कारण ते तिने स्वतः कमावलेलं होतं. पाण्याचा नमुना आला रे आला की त्याला उजेडाचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही, हा तिचा कायदा. तपकिरी काचेची बाटली, तिच्याभोवती चंदेरी कागद, वर काळं फडकं, आणि मग फ्रीज. खिडक्यांना जाड पडदे. एखादा नवखा बाटली हातात धरून खिडकीशी रेंगाळला की ताईचा आवाज चढलाच म्हणून समजा. “अहो, फोटो काढायचाय का तिचा? ठेवा आत!”

आता हे तिचं खूळ होतं असं मात्र समजू नका. नियमच तसा होता आणि त्याला कारणही होतं. शहराच्या वरच्या अंगाला वेदनाशामक गोळ्यांचा एक कारखाना होता. त्याचं सांडपाणी शुद्ध होऊन, म्हणजे जेवढं होईल तेवढं होऊन, कालव्यात जायचं. त्यात गोळीतलं औषध थोडंफार उरलेलं असायचं. हे औषध उन्हात टिकत नाही, फुटतं. बाटली चार दिवस उन्हात राहिली तर मशीन छातीठोकपणे सांगणार, औषध नाहीच! म्हणजे कारखाना आयताच सुटला. तसं होऊ नये म्हणून हा सगळा काळोखाचा कारभार. बावीस वर्षं ती उजेडाला चोरासारखं दाराबाहेर उभं करत आली होती, आणि तिच्या हातून गेलेल्या अहवालावर कारखान्याच्या वकिलालाही कधी बोट ठेवता आलं नव्हतं.

मशीनवर औषध मोजून झालं की दुसरी परीक्षा पाणपिसवांची. पाणपिसू म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा जीव, पाण्यात सारखा टुणटुण उड्या मारणारा. असे वीस जीव त्या पाण्यात सोडायचे, कपाटात झाकून ठेवायचे, आणि दोन दिवसांनी किती उड्या मारतायत ते मोजायचं. कारखान्याच्या पाण्यात विसातले वीसही उड्या मारताना दिसले की ताई अहवालावर ‘जलचरांना अपाय नाही’ असं लिहायची आणि खाली सही करायची. सही करताना तिचा हात कधी अडखळला नाही.

तिचा भाऊ कालव्याच्या खालच्या अंगाला राहायचा. चाळिशी ओलांडली तरी ताई त्याला ‘धाकट्या’च म्हणायची. आई लवकर गेली. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत दामटण्यापर्यंत सगळं ताईने केलं होतं, त्यामुळे ताईचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. नोकरी सोडली ती ताईला विचारून, आणि लग्नाची मुलगी पाहिली तीही आधी ताईने. अशा या धाकट्याने दोन सिमेंटच्या टाक्या बांधल्या आणि माशांची बारीक पिल्लं आणून बोटभर वाढवायचा धंदा काढायचं ठरवलं. त्या वाढलेल्या पिल्लांना बोटुकल्या म्हणतात. त्या तळीवाल्यांना विकायच्या. बेत साधा होता.

“ताई, कालव्याचं पाणी चालेल ना गं?” त्याने विचारलं.

ताईने पाणी आणवलं, मोजलं. औषध होतं, पण नावापुरतं. पाणपिसवा मजेत. दुसरा कोणी असता तर ‘चालेल’ म्हणून मोकळा झाला असता. पण ही ताकही फुंकून पिणारी, आणि त्यात प्रश्न सख्ख्या भावाचा. ती म्हणाली, “चालेल. पण माझं ऐकशील तर आधी गुडघाभर खोलीचा एक उथळ हौद बांध. पाणी त्यात चार दिवस उन्हात राहू दे. ऊन औषध खाऊन टाकतं. मग ते टाक्यांत सोड. मग कसलाच घोर नाही.”

ऐकणार नाही तो धाकटा कसला! आठवड्याभरात हौद तयार. त्यातलं चार दिवसांचं पाणी ताईने मागवून मशीनला लावलं. औषध शून्य. सुईच्या टोकाएवढंही नाही. तिला इतका आनंद झाला की लॅबमधल्या शिपाईकाकांना तिने स्वतःच्या हाताने चहा करून दिला. आणि पाणपिसवांच्या परीक्षेला ते पाणी तिने लावलंच नाही. लावायचं कशाला? शून्याला आणखी काय विचारायचं?

पहिली खेप आली, आणि पाचव्या दिवशी टाकीभर पांढरी पोटं वर तरंगायला लागली.

धाकटा हबकला, पण सावरला. नवा धंदा आहे, चूकभूल होणारच. दुसरी खेप आली आणि तीही सहाव्या दिवशी गेली. आता दोष कुणाला तरी द्यायला हवाच होता. पाण्याला देता येईना, कारण पाणी ताईने पास केलेलं. पिल्लांना देता येईना, कारण बीजवाल्याने, म्हणजे पिल्लं विकणाऱ्याने, दुसरीकडे दिलेली पिल्लं धष्टपुष्ट वाढत होती. मग राहिलं कोण? सकाळ-संध्याकाळ टाक्यांशी उभी राहून खाणं टाकायची ती त्याची बायको.

“तुझ्या हाताला गुण नाही,” तो म्हणाला. आणि खाण्याचा डबा त्याने तिच्या हातातून काढून वरच्या फळीवर ठेवला. टाक्यांकडे जायचं नाही, हेही सांगितलं. त्याला यात काही वावगं केलं असं वाटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली रीत जुनीच आहे, आणि घरातला संन्यासी तर हाताशीच असतो.

हे सगळं त्याने फोनवर ताईला सांगितलं तेव्हा ताई काय म्हणाली असेल? “खाणं जास्त पडलं की पाणी नासतं, हे मात्र खरं आहे हं.” एवढंच म्हणाली. सहज म्हणाली. पण तिकडे धाकट्याच्या दृष्टीने निकाल लागून गेला.

तर एके दिवशी अकराच्या सुमाराला लॅबच्या दारात ही भावजय उभी. खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, बसमध्ये उभं राहून आल्यामुळे कपाळावर घाम. दाराशी काका होते. निवृत्तीला आलेले, त्यामुळे कुणाला न घाबरणारे. ते आत डोकावून म्हणाले, “अंधारबाई, पाहुण्या आल्यात. खुर्चीत बसवू की फ्रीजमध्ये?”

भावजयीला हसू आलं नाही. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, “वन्सं, एक विचारायचंय. रागावणार नसाल तर.”

“विचार की.”

“माशांना माणसाचा हात बाधतो का हो?”

ताई हसली. “असं कुठे असतं का!”

“मग तेवढं यांना सांगाल? माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.” मग ती मान खाली घालून बोलायला लागली. “दुसरी खेप आली ना, तेव्हा मी त्यातली तीसेक पिल्लं घरात आणून ठेवलीत. कपडे भिजवायच्या टबमध्ये, स्वयंपाकघरात. पोळ्या लाटता लाटता दिसतात म्हणून. यांना आधी माहीत नव्हतं. ती सगळी जिवंत आहेत वन्सं. बोटाएवढी होत आलीत. त्याच डब्यातलं खाणं आणि माझाच हात.”

“आणि पाणी?”

“पाणी कालव्याचं. मागच्या दारी पाईप येतो ना, तिथलंच. उन्हाच्या हौदापर्यंत बादल्या घेऊन कोण जाणार सारखं?”

“कच्चं पाणी घातलंस?” ताईचा आवाज चढला. “अगं, एवढा हौद कशाला बांधायला लावला मग मी? औषध असतं त्यात!”

“असेल,” भावजय म्हणाली. “पण मेली नाहीत ना.”

या उत्तराने ताई आणखीच रागावली. बघते म्हणाली, बाटल्या ठेवून घेतल्या, आणि ‘पुढच्या वेळी प्लास्टिकच्या बाटलीत आणू नकोस’ असंही वर सुनावलं. जाताना भावजय दाराशी थांबून म्हणाली, “तिसरी खेप दहा दिवसांनी येणारे वन्सं. तेवढ्यात सांगा हं.”

एका बाटलीत कालव्याचं कच्चं पाणी होतं आणि दुसरीत उन्हाच्या हौदातलं. ताईने दोन्हींत वीस-वीस पाणपिसवा सोडल्या. निकाल काय येणार हे तिला ठाऊक होतं, उगाच भावजयीच्या समाधानासाठी चाललेलं काम होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्स टेबलावर टाकून तिने कपाट उघडलं. कच्च्या पाण्यात वीसच्या वीस उड्या मारत होत्या. हौदातल्या पाण्यात तळाशी सतरा ठिपके पडले होते, आणि उरलेल्या तीन एकाच जागी गोल गोल फिरत होत्या.

बाटली खराब असेल, ती मनाशी म्हणाली. भांडी पुन्हा धुतली, पुन्हा वीस सोडल्या. दुसऱ्या दिवशी अठरा ठिपके.

आता बाटलीला दोष देता येईना. तिने फ्रीजमधून कारखान्याच्या सांडपाण्याचा अस्सल नमुना काढला, बावीस वर्षं जपला तसाच जपलेला. दोन स्वच्छ पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत तो सारखा ओतला. एक चंदेरी कागदात गुंडाळली, दुसरी तशीच उघडी ठेवली, आणि दोन्ही घेऊन ती जिना चढून गच्चीवर गेली. काका मागोमाग आले. भर उन्हात ताईला बाटल्या मांडताना पाहून ते घाबरलेच. “ताई, बरं वाटतंय ना? तुम्ही, आणि उन्हात?”

“काका, चार दिवस यांना हात लावायचा नाही. कुणालाही लावू द्यायचा नाही.”

चार दिवस काकांनी पहारा दिला. पाचव्या दिवशी ताईने दोन्हींत पाणपिसवा सोडल्या. कागदातल्या पाण्यात औषध होतं तेवढं होतं आणि पिसवा मजेत होत्या. उघड्या बाटलीतल्या पाण्यात मशीनला औषध शून्य दिसलं, आणि चोवीस तासांत वीसच्या वीस पिसवा तळाशी गेल्या.

म्हणजे ऊन औषध खातं, पण खाऊन संपवत नाही. फोडतं. अख्खी बाटली पायात आली तर फार तर ठेच लागेल, तीच फुटली तर रक्त काढते. औषधाचे जे तुकडे झाले होते ते त्या मशीनला ओळखूच येत नव्हते. त्याला फक्त अख्खं औषध मोजायला शिकवलेलं. ते म्हणालं शून्य, आणि ताईने मान डोलावली. कालव्याचं पाणी बरं होतं, ते तिने धाकट्याला चार दिवस उन्हात ठेवायला लावून विषारी करून घेतलं होतं. आगीतून काढून फुफाट्यात म्हणतात ना, तसं. पण निदान आगीतून काढलं म्हणावं, तर इथे आग नव्हतीच.

दोन टाक्या भरून पांढरी पोटं तिच्या डोळ्यांपुढे येत होती. आणि त्याहून जास्त, वरच्या फळीवर ठेवलेला तो खाण्याचा डबा.

मग ती लॅबच्या साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त साहेब होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाला, “पण आपलं चुकलं कुठे? आपण नियमाप्रमाणेच केलं. नमुना अंधारात ठेवायचा, परीक्षा झाकून करायची. आपल्या तक्त्यात उन्हाचा रकानाच नाही.”

“रकाना नसला तरी ऊन आहे ना, साहेब? कालव्यावर काय मांडव घातलाय?”

“लिहून द्या. मी वर पाठवतो.”

“बावीस वर्षं मी ‘अपाय नाही’ लिहिलंय, साहेब.”

“तुम्ही आमच्या सांगण्यावरून लिहिलंय.” साहेबाने पेन बंद केलं. मग जरा मायेनेच म्हणाला, “आणि घरच्यांना कशाला एवढं सविस्तर सांगताय? भावाला म्हणा, पाणी बदल. दुसरीकडून आण. मासे जगतील, प्रश्न मिटला. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

खोटं कशाला बोला, ताईला हे पटलं. पूर्ण एक संध्याकाळ पटलं. धाकट्याला एक फोन करायचा, ‘अरे, या खेपेला विहिरीचं पाणी आणून बघ’ म्हणायचं. तो का म्हणूनही विचारणार नाही. मासे जगतील. आपली चूक आपल्यापाशी राहील. आणि चूक तरी कुठे आपली एकटीची? कारखान्याची आहे, तक्ता बनवणाऱ्याची आहे. सुंठेवाचून खोकला जाईल.

फोन हातात घेतला तेव्हा तिच्या लक्षात आलं. मासे जगतील, बरोबर. आणि खाणं कोण टाकत असेल तेव्हा? धाकटा. बायकोला टाक्यांपासून लांब ठेवलं आणि लगेच मासे जगले, असंच तो म्हणणार. शेजारीपाजारीही तेच म्हणणार. मग जन्मभर त्या बाईच्या हाताला गुण नाही. आज निदान संशय होता, उद्या पुरावा झाला असता, आणि तो पुरावा ताईने स्वतः पुरवलेला असता. तिने फोन खाली ठेवला. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून उगाचच हात धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. बस कालव्याच्या कडेकडेने जात होती. सकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं, जिकडे पाहावं तिकडे लखलखाट. आजवर हे दृश्य तिला छान वाटायचं. आज ती खिडकीतून कालव्याकडे पाहत होती आणि मनात मैल मोजत होती. इथपर्यंत पाणी एक दिवस उन्हात राहिलं असेल, धाकट्याच्या घराशी दीड दिवस, त्याच्याही खालच्या बंधाऱ्याशी चार. बंधाऱ्याखाली पूर्वी मुलं गळ टाकून बसलेली असायची. गेली कित्येक वर्षं कोणी बसत नाही. मुलांना आता मोबाइल मिळाले म्हणून बसत नाहीत, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

धाकटा टाक्या घासत होता. उद्या सकाळी खेप येणार होती. ताईला पाहून त्याचा चेहरा फुलला. “ताई! न सांगता? अगं, चहा टाक, ताई आली!”

“चहा राहू दे. आधी ऐक. ते मासे माझ्यामुळे मेले.”

तिने सगळं सांगितलं. हौदाचं, उन्हाचं, शून्याचं, पिसवांचं. एकदाही अडखळली नाही. रात्रभर मनात घोकून आली होती. धाकटा टाकीच्या कडेवर बसून ऐकत होता, आणि सांगून झाल्यावर तो हसला. अगदी प्रेमाने हसला.

“ताई, तुझं मन मोठं आहे गं. ही तुझ्याकडे येऊन रडली ना? मला कळलं होतं ती शहरात गेल्याचं. तिला वाचवायला तू सगळं स्वतःवर घेतेयस.”

“अरे, काय बोलतोयस! मी तपासलंय. दोनदा नाही, तीनदा.”

“लहानपणी माझ्या हातून बरणी फुटली की तू असंच सांगायचीस, मी फोडली म्हणून.”

“या वेळी मीच फोडलीय, धाकट्या!”

“तुझं कधी चुकलंय का? बावीस वर्षांत एकदा तरी?” तो उठला आणि पुन्हा घासायला लागला. “ऊन लागून पाणी विषारी होतं म्हणे. मग सगळ्या जगातलं पाणी काय विषारी आहे? ऊन तर सगळीकडेच पडतं.”

तो चिडेल, ओरडेल, बोलणं टाकेल, या सगळ्याची तयारी तिने केली होती. तो विश्वास ठेवणार नाही, आणि तोही तिच्यावरच्या विश्वासापायी, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपला शब्द आपणच एवढा जड करून ठेवला की आता आपल्यालाच तो उचलता येईना.

भावजय केव्हाची दारात उभी होती. हाताला पीठ. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, “माझ्यातली घ्या.”

“काय?” धाकटा म्हणाला.

“टबातली. दहा या पाण्यात टाका, दहा त्या पाण्यात. इथे, पडवीच्या छपराखाली, तुमच्या डोळ्यांसमोर. खाणं नको, म्हणजे माझा हात नको. बघा काय होतं ते.”

ताई म्हणाली, “अगं, मरतील ती.”

“माहीत आहे मला.”

दोन घमेली मांडली. एकात मागच्या दारच्या पाईपचं पाणी, दुसऱ्यात उन्हाच्या हौदातलं. भावजयीने आतून गाळणीने एक-एक बोटुकली आणली. मोजून दहा इथे, दहा तिथे. ती त्यांना ओळखत होती हे तिच्या हातावरून कळत होतं. एकीच्या शेपटीला चीर होती, तिला तिने क्षणभर गाळणीत धरून ठेवलं आणि मग हौदाच्या पाण्यात सोडलं. सोडून ती आत निघून गेली, आणि पोळपाट वाजायला लागला.

दहा वाजले होते. धाकटा पहिल्यांदा नुसता येता-जाता बघत होता. बारा वाजता त्याने ब्रश खाली ठेवला. हौदाच्या पाण्यातली पिल्लं वर येऊन तोंडं उघडत-मिटत होती. एक वाजता जेवायला हाक आली, त्याने ऐकली नाही. दोनला पहिली उलटली. तिला त्याने बोटाने हलवलं, ती सरळ झाली, शेपटीचे चार झटके मारले आणि पुन्हा उलटली. शेजारच्या घमेल्यात दहाच्या दहा सुळसुळत होत्या. चार वाजेपर्यंत एकात दहा जिवंत, एकात आठ मेलेल्या.

ताई समोर स्टुलावर बसून होती. आयुष्यात तिने हजारो पिसवा मोजल्या होत्या, पण असं बघत बसणं तिला कधी जमलं नव्हतं. तिला रडू येत होतं, आणि आपण रडलो तर धाकटा आपलीच समजूत घालायला येईल, म्हणून ती रडली नाही.

धाकट्याने एक मेलेली बोटुकली तळहातावर घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग आत तोंड करून हाक मारली, “अगं, ये बघ.”

“मी काय बघू?” आतून उत्तर आलं. “मला ठाऊकच आहे.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस?”

पोळपाटाचा आवाज थांबला. भावजय दारात आली. “सांगितलं होतं. टब दाखवला होता तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ताईने मशीनवर तपासलंय, तू काय मला टब दाखवतेस.” मग ती ताईकडे वळली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. “आणि तुम्ही म्हणालात वन्सं, खाणं जास्त पडलं असेल.”

“हो,” ताई म्हणाली. “म्हणाले. न बघता म्हणाले. चुकलं माझं. तुझी मी गुन्हेगार आहे.”

भावजय त्यावर असू दे म्हणाली नाही, की झालं-गेलं म्हणाली नाही.

धाकट्याचे डोळे लाल झाले होते. तो घाईघाईने म्हणाला, “ठीक आहे. हौद बुजवून टाकतो. उद्या टाक्यांत पाईपचंच पाणी भरतो. कच्चं.”

“टाक्यांवर छप्पर आहे?” ताईने विचारलं.

त्याने वर पाहिलं. टाक्या उघड्या होत्या, आणि दुपारचं सगळं ऊन त्यांच्यात उतरलं होतं.

“चार दिवसांत तेही तसंच होईल,” ताई म्हणाली. “कच्चं कच्चं राहत नाही. खाली कालव्यातही राहत नाही.”

“मग ताई, आता—” तो सवयीने म्हणाला आणि मध्येच थांबला. मग तो बायकोकडे वळला. “तू सांग. काय करायचं?”

तिने पिठाचे हात पदराला पुसले. घाई केली नाही. “बीजवाल्याला फोन करा. उद्या येऊ नको म्हणा. पुढचं पुढे बघू.”

तो फोन लावायला कोपऱ्यात गेला. ताईच्या जिभेवर चार गोष्टी आल्या होत्या. छपराची, विहिरीच्या पाण्याची, कारखान्याविरुद्ध अर्ज करण्याची. सगळ्या खऱ्या होत्या आणि कामाच्या होत्या. पण तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि या घरात न विचारता बोलायचा हक्क आज आपल्याला नाही, हे तिला कळत होतं. वाईट वाटलं. हेच व्हायला हवं होतं, असंही वाटलं, पण म्हणून वाईट वाटायचं काही थांबलं नाही.

काहीतरी करावं म्हणून ती उठली, मेलेल्या पिल्लांचं घमेलं उचललं आणि कुठे ओतावं म्हणून इकडेतिकडे पाहायला लागली. हौदात नको, कालव्यात तर नकोच.

भावजय पुढे आली. तिने घमेल्याची दुसरी कड धरली.

“द्या इकडे, वन्सं. माझी होती ती.”

ताईने हात सोडले.